चित्रात लपलेला टीव्ही

दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की सूरजबाई हॉलमधल्या झोपाळ्यावर बसत आणि टीव्हीतल्या सासवा-सुनांना सल्ले द्यायला सुरुवात करत. "अगं, त्या दुधात काहीतरी घातलंय, पिऊ नको!" असं त्या इतक्या पोटतिडकीने ओरडत की एकदा दारावरून जाणारा दूधवाला सायकल थांबवून आपल्या कॅनमध्ये डोकावला होता. त्यांच्या टीव्हीवेडाची जळगावच्या त्या गल्लीत कुणाला नवलाई उरली नव्हती. शेजारच्या बायका तर घड्याळाऐवजी सूरजबाईंच्या आवाजावरून चहा टाकत.

सूरजबाई सत्तरीला टेकलेल्या, बुटक्या, गोऱ्या, आणि बोलायला लागल्या की दोन्ही हातांनी बोलणाऱ्या. नवरा महावीरभाऊ यांचं बाजारात भांड्यांचं दुकान. मुलगा-सून नोकरीपायी पुण्याला, नात रूपल कॉलेजसाठी आजी-आजोबांपाशी. घराणं मारवाडातून आलेलं, पण कधी आलं ते आता फक्त वंशावळी लिहिणाऱ्या भाटाच्या पोथीला माहीत. घरात मारवाडी, दारात मराठी, आणि भाजीवालीशी भांडताना अस्सल खानदेशी, अशा तिन्ही भाषा बाईंच्या जिभेवर सुखाने नांदत होत्या.

तर अशा या सुखी बाईंच्या घरी आषाढाच्या तोंडावर एक बातमी आली आणि त्यांची झोप उडाली. यंदाच्या चातुर्मासाला जळगावच्या जैन स्थानकात, म्हणजे साधू-साध्वींच्या मुक्कामाच्या जागी, साध्वी चेलनाजी येणार होत्या.

साध्वी चेलनाजी म्हणजे दीक्षा घेण्यापूर्वीची बदाम. सूरजबाईंची पाठची बहीण.

दोघी चाळीसगावच्या. एका पांघरुणात झोपलेल्या, एका फणीने विंचरलेल्या. बदाम विशीच्या आतच संसार सोडून साध्वी झाली आणि पायी चालत निघाली ती राजस्थान, माळवा, कर्नाटक करत फिरतच राहिली. साधूला बहीण नसते, भाऊ नसतो. सूरजबाईंनी इतक्या वर्षांत दोन-चारदा तिला पाहिलं ते गर्दीत, लांबून, हात जोडून. त्यांच्या मनात एकच इच्छा घट्ट बसली होती. जैन साध्वी घरोघरी जाऊन थोडं थोडं अन्न घेतात, त्याला गोचरी म्हणतात. तर एकदा, फक्त एकदा, आपल्या हातची भाकरी बदामच्या पात्रात पडावी.

आता बहीण गावात चार महिने राहणार म्हटल्यावर हे काही अवघड नाही असं कुणालाही वाटेल. पण गोचरीचं आमंत्रण देता येत नाही. साध्वी कुठल्या दिवशी, कुठल्या घरी, किती वाजता येतील हे त्या सांगत नाहीत. खास त्यांच्यासाठी रांधलेलं त्या घेत नाहीत. त्यांच्या येण्यामुळे कुणी नळ उघडला, दिवा लावला, पंखा बंद केला, तरी ते घर त्या वेळेपुरतं त्यांना चालत नाही. त्याला 'असूझतं' म्हणायचं, आणि मग त्या रिकाम्या हाताने मागे फिरतात. शिवाय चेलनाजी आता मोठ्या, गुडघे दुखणाऱ्या. गोचरीला त्यांच्या लहान साध्वीच जायच्या. तेही चालेल, असं सूरजबाईंनी मनाशी ठरवलं होतं. भाकरी त्यांच्या पात्रातून गेली तरी खाणार बदामच.

बदामला लहानपणी कळण्याची भाकरी फार आवडायची. ज्वारी-उडदाची, खरपूस. साध्वींसाठी म्हणून करायची नाही ना? ठीक. सूरजबाईंनी घरच्यांसाठी करायचं ठरवलं. रोज. आषाढापासून महावीरभाऊंच्या ताटातून फुलका जो नाहीसा झाला तो झालाच.

"अहो, घरात सगळे खातात तेच साध्वींच्या पात्रात वहोरावायचं असतं," बाई म्हणायच्या. "म्हणून सगळ्यांनी खायचं."

"म्हणजे धर्म तुमचा आणि दाढा माझ्या," महावीरभाऊ म्हणायचे आणि तूप जास्त वाढून घ्यायचे.

पण खरी काळजी भाकरीची नव्हती, टीव्हीची होती. त्यांचा टीव्ही दारासमोरच होता. कुणीही उंबरा ओलांडला की आधी त्याचं काळं थोबाड दिसायचं. सगळा संसार सोडून निघालेली आपली बहीण एखाद्या दिवशी स्वतः दारात आली तर तिच्या नजरेला आधी काय पडणार, तर आपण सबंध आयुष्य ज्याच्यापुढे घालवलं तो डबा! सूरजबाईंना नुसत्या कल्पनेने कानकोंडं व्हायचं. डबा आतल्या खोलीत हलवा म्हटलं तर झोपाळा हॉलमध्ये. आणि झोपाळ्याशिवाय सिरीयल म्हणजे मिठाशिवाय वरण.

"आजी, एक टीव्ही येतो," रूपल म्हणाली. "बंद केला की त्याच्यावर चित्र दिसतं. लाकडी चौकट असते. भिंतीला चिकटून बसतो, कुणाला कळत पण नाही टीव्ही आहे ते."

सूरजबाईंचा झोपाळा जागच्या जागी थांबला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे तर मुठीवर चौकटसुद्धा मिळत होती.

दुसऱ्याच आठवड्यात तिघंजण धुळ्याला गेले. महावीरभाऊंचा भाचा पुनीत याचं तिथे टीव्ही-फ्रिजचं दुकान. पुनीतने मामीला खुर्ची दिली, चहा दिला आणि भिंतीवरचं एक चित्र दाखवलं: पिवळं शेत, वर ढग. "छान आहे," बाई म्हणाल्या, "पण टीव्ही दाखव." पुनीतने रिमोट दाबला आणि शेतातून एकदम क्रिकेट सुरू झालं. सूरजबाई खुर्चीतून उठल्या. जवळ गेल्या. चौकटीवरून बोट फिरवलं, बाजूने डोकावून पाहिलं, आणि वळून नवऱ्याला म्हणाल्या, "हाच."

किंमत ऐकून महावीरभाऊंनी पाणी मागितलं. परतीच्या वाटेवर पारोळ्यापर्यंत ते बोटांवर हिशेब करत होते. नंतर म्हणाले, "एवढ्यात तर मी खरं चित्र आणलं असतं आणि खरा टीव्ही आणला असता."

"दोन वस्तू झाल्या असत्या," बाई म्हणाल्या. "पुसायला कोण, तुम्ही?"

टीव्ही बसवायला पुनीतने हनीफभाईला पाठवलं. धुळ्याचा उंच, हसरा माणूस. खांद्यावर ड्रिल मशीन आणि तोंडात अखंड गप्पा. खोकं उघडल्यावर तो स्वतःच चौकट बघत राहिला.

"अक्का, हाऊ टीव्ही शे का फोटो शे?"

"तुला कळलं नाही ना? मग जमलं!" सूरजबाई खूश झाल्या.

हनीफने दारासमोरच्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं, आतून कुठे वायरी गेल्यात ते विचारलं, पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी लावली, पेन्सिलीने खुणा केल्या. भिंत जुनी, विटांची. ड्रिल लावताच लाल भुकटीचा असा लोट निघाला की महावीरभाऊ होळी खेळून आल्यासारखे दिसू लागले. दोन भोकं हनीफने सोडून दिली, कारण तिथे वीट पोकळ लागली. मग लांब स्क्रू लावून लोखंडी पट्टी बसवली आणि तिला स्वतः लोंबकळून पाहिलं. "आता भिंत पडी तं पडी, टीव्ही नही पडाव," तो म्हणाला. केसासारखी बारीक वायर खाली कपाटात नेली, सेट-टॉप बॉक्सही तिथेच लपवला. चौकट भिंतीला अशी चपखल बसली की मधून पोस्टकार्डही गेलं नसतं.

मग बटण दाबलं, आणि पहिलंच चित्र आलं ते ओढ्यावर आंघोळ करणाऱ्या परदेशी बायकांचं.

"अरे बदल! बदल!" सूरजबाईंनी पदर चित्राकडे धरला, जणू त्या बायकांनाच तो द्यायचा होता. महावीरभाऊ भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. हनीफने घाईघाईने पुढचं लावलं. टेबलाच्या वर उलटी टांगलेली कोंबडी, शेजारी मासे, दारूचा पेला.

"माझ्या घरात? मासे?" बाईंचा आवाज टिपेला गेला.

तिसरं चित्र शाकाहारी होतं. टोपलीभर बटाटे, कांदे आणि लसणाची माळ. जैनांच्या घरात जे स्वयंपाकघरातही येत नाही ते थेट दिवाणखान्यात येऊन बसलं. हनीफ हसून हसून स्टुलावरून उतरला. म्हणाला, "अक्का, बठ्ठा बाजार तुमनाच घर उना!"

शेवटी रूपलने स्वतःच्या मोबाईलमधला एक फोटो त्यात घातला: तिने मैत्रिणीच्या मळ्यात काढलेली केळीची बाग, कोवळं ऊन पानांतून गाळून आलेलं. तो चौकटीत असा शोभला की हनीफनेही मान डोलावली. केळीला ना कांदा ना लसूण. मंजूर.

जाताना हनीफ म्हणाला, "अजून एक. याला डोळा शे. कोणी आलं की चित्र आपोआप उजळतं, खोली रिकामी झाली की विझतं. वीज वाचस. ठेवू का बंद करू?"

"ठेव, ठेव!" सूरजबाई म्हणाल्या. वीज वाचते म्हटल्यावर मारवाड्याच्या घरात दुसरं उत्तर निघत नाही.

आणि खरं सांगायचं तर त्यांना तो डोळा फार आवडला. पहाटे उठून हॉलमध्ये पाऊल टाकलं की अंधारात केळीची बाग उजळायची. "बघा, मला रामराम करतो," त्या म्हणायच्या. कधी दाराआड लपून हळूच पाय पुढे करायच्या आणि त्याला फसवायचा प्रयत्न करायच्या. शेजारणी बघायला आल्या, बागेचं कौतुक करून गेल्या, आणि एकीलाही तो टीव्ही आहे हे कळलं नाही. बाईंचं गंगेत घोडं न्हालं.

चातुर्मास सुरू झाला. सूरजबाई रोज सकाळी स्थानकात प्रवचनाला जाऊ लागल्या. पाटावर बसलेल्या चेलनाजींना इतर बायकांसारखंच वाकून "मत्थेण वंदामि" म्हणायच्या आणि त्याही इतरांना म्हणतात तसंच "दया पाळा" म्हणायच्या. ना कमी ना जास्त. "महाराजसाहेब, कधी आमच्याकडे पधारा," असं एकदा धीर करून म्हणाल्या, तर उत्तर आलं, "क्षेत्र-स्पर्शना असेल तसं." म्हणजे त्या जागेला पाय लागायचे असतील तर लागतील. बाई घरी येऊन त्या उत्तराचा अर्थ लावत बसल्या, आणि महावीरभाऊ भाकरी चावत बसले.

श्रावणातल्या एका दुपारी दारात पांढरी वस्त्रं दिसली. दोन तरुण साध्वी, हातात झोळीत पात्रं.

बाहेरच्या पायरीवर बसलेल्या सूरजबाई पदर सावरत उठल्या. तयारी चोख होती. गॅस बंद, हात कोरडे, भाकरी झाकलेली, तूप बाहेर. "पधारा, महाराजसाहेब, पधारा!" त्या बाजूला झाल्या. हॉल तासाभरापासून रिकामा होता. भिंतीवरची चौकट विझलेली होती. पुढच्या साध्वींनी उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवलं.

आणि केळीची बाग लख्ख उजळली.

साध्वी थबकल्या. भिंतीकडे पाहिलं, मग सूरजबाईंकडे. "बाई, हे विजेवर आहे का? आमच्या येण्याने लागलं?"

खोटं बोलायचं म्हटलं असतं तर क्षणभराचं काम होतं. पण साध्वींपुढे खोटं कसं बोलणार? सूरजबाईंनी मान हलवली. साध्वी शांतपणे म्हणाल्या, "मग आज राहू द्या. दया पाळा." आणि दोघी आल्या तशा परत फिरल्या, झोळी रिकामी घेऊन.

दैव देतं आणि कर्म नेतं ते असं. ज्या बहिणीपासून टीव्ही लपवायला एवढा खटाटोप केला, तिच्याच पात्रात जाणारी भाकरी त्या टीव्हीने दारातून परत लावली. सूरजबाई झोपाळ्यावर बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. समोर केळीची बाग मजेत उजळलेली होती, आणि त्या हुंदका देत हलल्या की विझायचं विसरून जायची. महावीरभाऊ दुकानातून आले, त्यांनी सगळं ऐकलं. एरवी टोमणा मारायची अशी संधी त्यांनी सोडली नसती. पण आज ते उठले, ताटली घेतली आणि न सांगता कळण्याची भाकरी वाढून घेतली.

रूपलने तो डोळा दोन मिनिटांत बंद केला. पण सूरजबाईंचा विश्वास उडाला होता. "यंत्राचा काय भरवसा? आज झोपला, उद्या जागा होईल." त्यांनी सरळ प्लगच काढला. सूर्य मावळल्यावर साध्वी बाहेर पडत नाहीत, म्हणून प्लग लावायचा तो सूर्यास्तानंतर, आणि उजाडायच्या आत काढायचा. दुपारच्या सिरीयली गेल्या. शेजारणींच्या चहाची वेळ चुकू लागली. आणि भिंतीवर दिवसभर जे लटकायचं ते होतं नुसतं काळं थोबाड, पूर्वीपेक्षा मोठं, आणि वर चौकटीत बसवलेलं.

"आता बदाम आली तर हे बघेल," त्या एकदा रूपलला म्हणाल्या. "बघू दे. भाकरी तर जाईल."

भाद्रपद गेला, दिवाळी झाली. साध्वी गल्लीत आल्या, पुढच्या घरी गेल्या, मागच्या घरी गेल्या; सूरजबाईंच्या दारी काही फिरकल्या नाहीत. कार्तिकी पौर्णिमा आली. चातुर्मास संपला, उद्या सकाळी साध्वी धुळ्याच्या रस्त्याने पायी विहार करणार. सूरजबाईंनी सवयीने भाकऱ्या केल्या, झाकल्या, हात कोरडे केले. आशा ठेवायचं मात्र सोडलं होतं, असं त्या स्वतःला सांगत होत्या.

आणि दुपारी दाराशी काठीचा आवाज आला.

चेलनाजी स्वतः आल्या होत्या. एका हातात काठी, मागे त्या दोन तरुण साध्वी. गुडघ्यांमुळे उंबऱ्यापाशी जरा थांबल्या, मग आत आल्या. समोरच्या भिंतीवर काळी चौकट होती तशीच राहिली, काही उजळलं नाही. चेलनाजी तिच्याकडे पाहत राहिल्या.

सूरजबाईंना राहवलं नाही. हात जोडून एका दमात सगळं सांगून टाकलं: "महाराजसाहेब, टीव्ही आहे तो. रोज बघते मी. तुम्हाला दिसू नये म्हणून चित्राचा आणला. त्या दिवशी साध्वीजी परत गेल्या ते माझ्या पापाने."

चेलनाजींच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "चाळीसगावला सिनेमाचा तंबू यायचा," त्या म्हणाल्या. "त्याच्या फटीला डोळा कोण लावायचं, आठवतं?"

सूरजबाईंनी खाली पाहिलं. मोठ्या बहिणीने लहान बहिणीला असं सांगायचं म्हणजे कठीणच. "तुम्ही, महाराजसाहेब."

"आणि खाली वाकून पाठ कोण द्यायचं?"

"मी."

"मग माझ्यापासून काय लपवता, सूरजबाई?"

मागच्या दोन्ही साध्वींनी तोंडावरच्या वस्त्राआड हसू दाबलं. सूरजबाई मात्र हसल्याही आणि रडल्याही, दोन्ही एकाच वेळी. मग चेलनाजींनी पात्र पुढे केलं. "त्या दिवशी यांना रिकामं जावं लागलं. तुमचं दार राहायला नको म्हणून आले."

सूरजबाईंनी भाकरी आणली. साध्वींची रीत अशी की कुणी वाढू लागलं की घासभर पडताच त्या पात्रावर हात आडवा धरतात आणि "बस" म्हणतात. द्यायच्या हौसेला आवर घालायची तीच रीत. सूरजबाईंनी पाव भाकरी ठेवली आणि त्या हाताची वाट पाहिली.

हात आला नाही. त्यांनी अजून पाव ठेवली. चेलनाजी पात्राकडे बघत होत्या. सूरजबाईंनी आणखी एक तुकडा ठेवला, वर तूप सोडलं, तरी हात आडवा आला नाही. सबंध भाकरी पात्रात गेली, मग शेंगदाण्याची चटणी गेली, आणि तेव्हा कुठे, सावकाश, तो सुरकुतलेला हात पात्रावर आला.

"बस," चेलनाजी म्हणाल्या. "दया पाळा."

आणि काठी टेकत गेल्या. त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत सूरजबाई दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, झोपाळ्यावर बसल्या, आणि समोरच्या काळ्या चौकटीकडे बघत बसल्या. महावीरभाऊंनी येऊन बातमी ऐकली आणि पहिलं विचारलं ते, "मग उद्यापासून फुलके?"

दिवेलागण झाली तेव्हा रूपल प्लग हातात घेऊन उभी राहिली. "आजी, सूर्य मावळला. लावू का? तुझी सिरीयल सुरू झाली असेल."

सूरजबाईंचे डोळे अजून त्या काळ्या पडद्यावरच होते, जणू त्यावर चाळीसगावचा तंबू उभा होता, आणि ओठांवर हसू.

"थांब गं जरा," त्या म्हणाल्या. "मध्येच नको लावू."